मामाला न दाखवलेला रिपोर्ट

आधी कुसुमताईंचं नाव लिहिते, मग बाकीचं. मोताळ्याकडच्या एका खेड्यातल्या, शेतकरी घरच्या कुसुमताई. त्यांचं आमचं नातं काही नाही. त्यांचे मालक दिगंबरभाऊ आणि माझा मामा यांची डायलिसिसची मशिनं शेजारी शेजारी होती, मंगळवार आणि शुक्रवार, एवढीच ओळख. आत पेशंट आणि बाहेर बाकड्यावर आम्ही, चार-चार तास. पहिल्या दिवशी मी रडत बसले होते, तर त्यांनी काही न विचारता डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. दुसऱ्या खेपेला विचारलं, "कोन लागतात तुह्ये?" तिसऱ्या खेपेपासून त्या माझ्यावर ओरडायलाच लागल्या. पेशंटला केळं का दिलं, पाणी मोजलं का, स्वतः जेवलीस का. त्या ओरडण्यावर मी सव्वा वर्ष काढलं. म्हणून नाव आधी त्यांचं.

लिहायलाही त्यांनीच सांगितलं. "लिहून काढ व, कोनाच्या तरी कामी पडंन." मी आठवीतून शाळा सोडलेली, मला लिहायची सवय नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमचं वाईट काही केलं नाही. जे झालं ते तिथं पोचायच्या आधीच झालं होतं.

पाण्याचा घोट

माझं घर सांगलीकडं. वडील मूळचे संग्रामपूर तालुक्यातले, पण साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून तिकडं गेले आणि तिथलेच झाले. मी आठवीत असताना ते वारले. आईनं मला इकडं, संग्रामपूरकडं, मामाकडं पाठवलं, दोन वर्षं राहा, हाताला काम लागेल म्हणाली. त्याला चौदा वर्षं झाली.

मामा आचारी होता. मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. पहिल्या दिवशी मी एसटीतून उतरले तर तो भर स्टँडवर खाली वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. मी घाबरून मागं सरले. आमच्याकडं भाच्या मामाच्या पाया पडतात. इकडं उलटं आहे. भाचीला मान असतो, तिच्या पाया पडायचं, तिला द्यायचं, तिच्याकडून काही घ्यायचं नाही. मामा मला नावानं कधी बोललाच नाही. भाचीबाई म्हणायचा.

त्याच्या टोळीत मी पुऱ्या लाटण्यापासून सुरुवात केली आणि पाच-सहा वर्षांत मोठ्या कढईपर्यंत आले. माझ्या बोलण्याला बायका हसायच्या. मी 'मला' म्हटलं की सगळ्या मिळून "मले, मले" करायच्या. मामा म्हणायचा, "हसा लेकहो. माही भाची पुस्तकावानी बोलते."

आमच्या कामाची एक रीत होती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आचाऱ्यानं स्वयंपाक चाखायचा नाही. चारशे माणसाचं वरण, वांग्याची भाजी, सगळं हातानं आणि वासानं. पण आमचा पट्टा खाऱ्या पाण्याचा. एका गावची विहीर मचूळ, दुसऱ्या गावच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात ठरल्या मापानं मीठ घातलं तर पंगत उठून जाईल. म्हणून मामा गावात पोचला की चुलीला हात लावायच्या आधी पाणी मागायचा. एक मोठा घोट तोंडात घोळवायचा, गिळायचा, आणि सांगायचा, "दोन मुठी कमी." तीस वर्षं तो असा गावोगावचं पाणी पिऊन मीठ ठरवत आला. एकदाही चुकला नाही.

मग चुकायला लागला. एका लग्नात वरण एवढं खारट झालं की नवरदेवाकडच्या माणसांनी ताटं सारली. मामानं यजमानालाच झापलं, "पानी बदललं तुमी. सकाळी येगळं होतं, आता टँकरचं टाकलं." पुढच्या लग्नातही तेच. आम्ही सगळेच पाण्याला दोष देत राहिलो. मामा म्हणायचा, हल्ली कुठलंही पाणी तोंडात घेतलं की लोखंड चाटल्यासारखं लागतं. आम्ही म्हणायचो, बोअर खोल गेल्या, असंल. पाय सुजायचे, तर आचाऱ्याचे सुजतातच, दिवसभर भट्टीपुढं उभं राहून. आमच्या टोळीत कुणाचे पाय सुजत नव्हते?

आठ महिने आम्ही पाण्याला नावं ठेवली. बिघडली होती ती जीभ. आणि जीभ बिघडते किडनीमुळं, हे आम्हाला कुणाला माहीत असणार?

मशिन

एक दिवस मामाला धाप लागून आडवं झोपवेना, तेव्हा नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा मशिन. मामानं विचारलं, "कितीक दिवस?" डॉक्टर म्हणाले, "कायम." मामानं परत विचारलं, "कायम म्हंजे लग्नसराई धरून?"

डॉक्टरांनी मग विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती खायचात? त्याच्याकडं एक पत्र्याची डबी होती. कंबरेच्या, गुडघ्याच्या गोळ्या, मेडिकलमधून सुट्या आणलेल्या. सीझनमध्ये सकाळी एक, संध्याकाळी एक. डबी टोळीत फिरायची. कुणी पाठ धरली की मामा म्हणायचा, घे एक, उभा राहशीन. पाण्यानं झालं, गोळ्यांनी झालं की न तपासलेल्या ब्लडप्रेशरनं, हे कुणी छातीठोक सांगत नाही. वाचणाऱ्यांनी एवढंच करा, ती डबी असेल तर टाका आणि एकदा रक्त तपासा.

पुढचं सगळं मशिनच्या वारांवर चालू लागलं. पहाटे उठायचं, बसनं नांदुऱ्याला यायचं, तिथून पुढं दुसरी बस. कुसुमताई आणि दिगंबरभाऊ मोताळ्याकडून नांदुऱ्याला यायचे, मग चौघं एकत्र. मशिनवरून उतरल्यावर मामाचं तोंड वाळलेल्या दोडक्यासारखं व्हायचं. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच वरण. मी बाटलीवर पेनानं रेघा ओढल्या होत्या. मामा म्हणायचा, "गावभरचं पानी पेलो, आता रेघीवर आलो."

दिगंबरभाऊंची जीभ फार तिखट. मामाला म्हणायचे, "आचारी, आज काय बेत?" मामा डोळे मिटून सांगायचा, बट्ट्या, वांग्याची भाजी, बुंदी. "तूप?" "वाहून राह्यलं." आणि दोघं सुया टोचलेले हात तसेच ठेवून जिभल्या चाटायचे. असं हसू आठवड्यातून एकदा तरी यायचं. बाकी मी भीतीतच असायचे. रात्री मामा कुशीवर वळला तरी मी उठून बसायचे.

"भाचीचं घेऊ नाई"

मोठ्या शहरात किडनी बदलतात, घरच्या माणसाची लागते, असं बाकड्यावर कळलं. माझी आई मामाची सख्खी बहीण, पण तिला साखर, तिची चालणार नव्हती. मग मी मामाला म्हटलं, माझी घे.

तो खाटेवरून उठून बसला. मला वाटलं रडेल. तो चिडला.

"येडी हायेस का भाचीबाई? भाचीचं घेऊ नाई मानसानं. मी तुह्या पाया पडतो, अन् तुह्याच पोटातलं काढून घेऊ? कोन्या नरकात जाऊ मी?"

"अरे, हे काय लुगडं-चोळी आहे का मामा?"

"लुगडं घेत नाई तं हे काऊन घेईन?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईक. तू जर का चोरून तपासनी केली, तं त्या दिवसापासून मी मशिनीवर चढनार नाई. माह्या मेल्या बायकोची आन."

मामा शपथ मोडणारा माणूस नव्हता.

तरी मी गेले. मला वाटलं, आधी जुळते का ते तर कळू दे, मग मामाला कुसुमताईंकडून समजावू. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, भाची जवळच्या नात्यात मोजत नाहीत, मोठ्या शहरात समितीपुढं जावं लागेल, वेळ लागेल. पण आधी साधं रक्त आणि लघवी बघू. मामा मशिनवर असताना खालच्या मजल्यावर मी रक्त दिलं.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्यांनी विचारलं, "तुमचं वय काय?" सत्तावीस. "पाय सुजतात?" म्हटलं, आमच्या कामात सुजतातच. "गोळ्या?" मी हो म्हटलं. त्यांनी सोनोग्राफी करून घेतली. दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. निम्म्याहून जास्त काम गेलेलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही कुणाला द्यायचा विचार सोडा. तुमच्या तुम्हाला किती दिवस पुरतील ते बघायचंय."

मी द्यायला गेले होते. माझ्याकडं द्यायला काही नव्हतंच.

बाहेर आले तेव्हा कुसुमताई मटकीचा डबा उघडून बसल्या होत्या. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांना वाचता येतं, हळूहळू. त्यांनी वाचला, घडी घातली आणि डब्याचं झाकण लावलं.

"दादाले सांगशीन?" मामाला त्या दादा म्हणायच्या.

मी म्हटलं, मी सोळा वर्षांची असताना पहिली गोळी मला मामानं दिली. पोटात दुखत होतं, पुऱ्यांवर बसवत नव्हतं, तर त्यानंच डबी पुढं केली. माया होती म्हणून केली. त्याला हे कळलं तर तो मशिन सोडेल ती गोष्ट वेगळीच. पण तो हे डोक्यात घेऊन मरेल ताई, आपण भाचीला मारलं म्हणून.

कुसुमताईंनी घडी घातलेला कागद माझ्या पिशवीत तळाला सारला. "मंग कोनालेच सांगू नोको," म्हणाल्या. "मी हाय."

शपथ

दर महिन्याला माझंही रक्त तपासायचं होतं. दोन महिने निभावलं. तिसऱ्या वेळी कोपराच्या आतला कापसाचा बोळा काढायचा विसरले आणि तशीच मामाच्या मशिनपाशी गेले. बाही वर गेली. मामानं बघितलं.

"हे काय व?"

"तेलाचा थेंब उडाला काल, पुऱ्या काढताना."

तीस वर्षं कढईपुढं काढलेल्या माणसाला मी हे सांगत होते. मामा म्हणाला, "तेलाचा डाग असा नसते. अन् कोपराच्या आत तेल उडते का?" तो उशीवरून अर्धा उठला. "तू तपासलं. तू माही आन मोडली."

मी नाही-नाही म्हणत होते, पण माझा चेहरा मला आवरत नव्हता. त्यानं मोकळ्या हातानं बाहेर खूण केली. "कुसुमताई! इकडे या."

त्या आत आल्या.

"तुमी खोटं बोलत नाई, मले मालूम हाय. या पोट्टीनं किडनीसाठी रगत तपासलं का?"

"नाई बाप्पा."

"शपथ घ्या."

"लहान लेकरावानी काय करता दादा..."

"घ्या. नाईतर ह्या सुया उपटून उठतो मी." आणि खरंच त्याचा हात सुईकडं गेला. मशिनवरची सिस्टर धावत आली.

कुसुमताई दोन पावलं सरकल्या. शेजारच्या मशिनवर दिगंबरभाऊ डोळे मिटून पडले होते. कुसुमताईंनी पदर डोक्यावर घेतला, त्यांच्या कपाळावर तळहात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हिच्या अंगातला एक थेंब रगत कोनी तपासाले काढलं असंन, तं या मानसाले उद्याचा दिवस दिसू नाई."

दिगंबरभाऊंनी एक डोळा उघडला.

"माह्याच जिवावर काऊन उठली व? घरी म्हैस नव्हती काय?"

सिस्टर हसली. मामा हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, म्हणाला, "माफ करा दिगंबरभाऊ, माफ करा." भाऊंना सगळं माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर कुसुमताईंना बाटलीचं झाकण उघडता येईना. मी उघडून दिलं. मी पायाशी बसले तर म्हणाल्या, "उठ. उद्याचा दिवस जाऊ दे फकत."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी त्यांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच विचारलं, "भाऊ आहेत ना?" तिसऱ्यांदा त्या वैतागल्या. "हायेत माय, हायेत! चिवडा मांगून राह्यले, नाई देला म्हनून माहा बाप काढून राह्यले. ठेव फोन."

शपथ झाली त्याच मंगळवारी, घरी पोचल्यावर, मामानं मला खाटेपाशी बोलावलं होतं. त्याला आता वाकता येत नव्हतं. म्हणाला, "पाय वर ठेव." मी नको म्हटलं. "ठेव. तुह्यावर भलताच आळ घेतला मी." मी खाटेच्या कडेला पाय ठेवला. त्यानं दोन्ही हात पायावर ठेवले आणि कपाळ टेकवलं. त्याचं कपाळ ताप आल्यासारखं गरम होतं. मी तशीच उभी होते. खोटं बोललेल्या पायाला तो हात लावत होता आणि मी ते होऊ दिलं.

नांदुऱ्याचं स्टँड

त्यानंतर मामा पाच महिने जगला. चांगले म्हणता येणार नाहीत. हातावर ऑपरेशन करून मशिनच्या सुयांसाठी केलेली जागा एकदा बंद पडली, मग मानेतून नळी घातली. अंगाला खाज यायची, त्याला रात्र-दिवस कळायचं नाही. शेवटी शेवटी तो दिगंबरभाऊंना बेतही सांगत नव्हता. पण त्यानं एकही वार चुकवला नाही. भाचीनं ऐकलं म्हणून आपणही ऐकायचं, असं त्यानं डोक्यात घेतलं होतं.

एका शुक्रवारी दुपारी, मशिन करून परत येताना, नांदुऱ्याच्या स्टँडवर आमची बस लागली. मामा बाकड्यावर बसला होता. म्हणाला, "भाचीबाई, खिडकीजवळची जागा धर, मले वारा लागते." मी बसमध्ये चढले, जागेवर पिशवी ठेवली आणि खिडकीतून त्याला हाक मारली. तो तसाच बसलेला होता, तोंड बसकडं करून. मी तीन हाका मारल्या. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याचा खांदा हलवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

कुसुमताईंची मोताळ्याची गाडी अजून सुटली नव्हती. त्या धावत आल्या. लोकांना बाजूला केलं, गाडी बोलावली, गावात फोन केले. मी नुसतं म्हणत होते, जागा धरलीय, जागा धरलीय.

आता

याला वर्ष होत आलं. टोळी आता दुसरे लोक चालवतात. मी बसून करायची कामं करते, भट्टीपुढं उभी राहत नाही. आई फोनवर म्हणते, मामा गेला, आता तिथं कुणासाठी राहतेस, घरी ये. चुलत्यांच्या घरात ती स्वतःच कशीबशी राहते. तिथं मी आजार घेऊन कशी जाऊ? तिला अजून सांगितलेलं नाही.

माझा रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा दर वेळी थोडा वाढतो. गोळ्या बंद केल्या, मीठ तोडलं, सगळं केलं. डॉक्टर म्हणतात, हळू करता येईल, थांबवता येणार नाही. पुढच्या वर्षी हातावर मशिनची जागा करून ठेवू, म्हणाले. म्हणजे मीही मंगळवार-शुक्रवार. बरं झाल्यावर लिहितात तसं हे लिहिणं नाही. मी बरी होणार नाहीये. मामानं पुढं केलेल्या त्या गोळीचा मला राग येतो का, तर कधी कधी सकाळी सुजलेले डोळे बघून येतो. मग त्याचं खाटेवरचं कपाळ आठवतं आणि तो रागही धड टिकत नाही.

माझ्या तपासणीला कुसुमताई सोबत येतात. भाऊ आत मशिनवर, आम्ही दोघी खाली रक्ताच्या रांगेत. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना एकटीला बोलावलं. भाऊंचं हृदय फार थोडं चालतंय, आता महिन्यांचा हिशोब. त्यांनी हे घरात कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं. मी हे इथं लिहू शकते, कारण भाऊंना वाचता येत नाही आणि त्यांना वाचून दाखवणाऱ्या ताईच.

भाऊंना वास लागलाय. परवा मला म्हणाले, "पोरी, ते डॉक्टर काय म्हनले? हे बाई मले उल्लू बनवून राह्यली. तू सांग." मी म्हटलं, काही नाही, गोळी बदलली. त्यांनी माझ्याकडं फार वेळ बघितलं, पण शपथ घातली नाही.

घालतील. आज ना उद्या घालतीलच. कुसुमताई, मला शपथेची किती भीती वाटते तुम्हाला माहीत आहे. मला जवळचं म्हणावं असं एकच माणूस उरलंय, तिकडं सांगलीला, साखरेनं डोळे अधू झालेली माझी आई. ज्या दिवशी भाऊ म्हणतील शपथ घे, त्या दिवशी मी तिचीच घेईन, आणि तुमच्यासारखीच, आवाज न कापता घेईन. तोवर मी उभी राहण्याइतकी राहीन, एवढं मी बघते.